बंद बागेतले शांतीचे सूर

"पुरे झालं तुमचं ते शांतीचं संगीत!" शेजारच्या काकू एकदम तोडून बोलल्या. एप्रिल २०२५ची गोष्ट. पहलगामला २६ जण मारले गेले होते. त्यांत महाराष्ट्रातले ६ आणि त्यांतले २ आपल्या पुण्याचे. मी गप्प बसले. अशा वेळी काय उत्तर देणार?

पण काकूंचा रोख मला कळला होता. ७ सप्टेंबर २०१३ला आम्ही दोघींनी मिळूनच दूरदर्शनवर तो कार्यक्रम पाहिला होता. गणपती दोन दिवसांवर, घरात सगळा पसारा, आणि टीव्हीवर श्रीनगरची शालीमार बाग. आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता म्युनिकचा भलामोठा वाद्यवृंद घेऊन तिथे गेले होते. जर्मन दूतावासाच्या पुढाकारानं झालेला तो 'एहसास-ए-काश्मीर'. बीथोव्हेन, हायडन होतेच. पण सुरुवातीला अभय सोपोरी यांनी खास रचलेलं संगीत होतं, काश्मिरी लोककलावंत आणि जर्मन वादक यांनी एकत्र वाजवायचं.

हे वाटतं तितकं सोपं नसतं बरं का. त्यांच्याकडे प्रत्येक वादकापुढे कागद. लिहिलंय तेवढंच वाजवायचं, एक सूर इकडचा तिकडे नाही. आपल्याकडे रंग चढला की गडी आणखी दोन आवर्तनं घेणार! म्हणजे रचनाकारानं आधीच ठरवायचं, कुणी कधी थांबायचं, कुणाला मोकळं सोडायचं, संतूरच्या नाजूक आवाजावर ती सगळी व्हायोलिनं चढून बसू नयेत म्हणून काय करायचं. शांततेची आशा म्हणतात ती मला तरी या एकमेकांसाठी थांबण्यातच दिसली. इस्रायली आणि अरब तरुणांचा वाद्यवृंद १९९९मध्ये बॅरनबॉइम आणि एडवर्ड सईद यांनी उभा केला. व्हायोलिनवाले दोघांत एक स्टँड वापरतात. शत्रूकडचा पोरगा शेजारी, आणि पान एकानं उलटायचं!

आता दुसरी बाजू. शालीमार बागेत त्या दिवशी फक्त निमंत्रितांना प्रवेश होता. बाहेर बंदोबस्त, फुटीरतावाद्यांनी पुकारलेला बंद. काही काश्मिरींनी निषेध म्हणून शहरात आपला वेगळा कार्यक्रम ठेवला. त्याच दिवशी शोपियानला गोळीबारात माणसं मेली. मग ही शांती कुणासाठी, असं तिथल्या लोकांनी विचारलं तर त्यांचं काय चुकलं? पुढच्या वेळी सगळ्यांसाठी खुल्या मैदानात वाजवू, असं मेहतांनीही बोलून दाखवलं होतं.

आणि मला सगळ्यात जास्त खुपलं ते वेगळंच. त्याच वर्षी फेब्रुवारीत श्रीनगरच्या तीन शाळकरी मुलींचा 'प्रगाश' नावाचा बँड बंद पडला. आधी इंटरनेटवर घाणेरड्या धमक्या, मग मुफ्तींचा फतवा. पोरींनी गिटार खाली ठेवली. काश्मिरात लग्नघरी बायका तुंबकनारी वाजवतात, ते चालतं. स्टेजवर नको! सात महिन्यांनी परदेशी पाहुण्यांना बाग सजवून मिळाली, या मुलींना मात्र गल्लीतही जागा नाही. इकडे आमच्या सोसायटीतल्या दोघी कंबरेला ढोल बांधून सरावाला जातात, तेव्हा मला त्या तिघी हटकून आठवतात.

गाण्यानं बंदूक थांबत नाही, हे काकूंचं म्हणणं खरंच आहे. पण इथं पुण्यातच 'सरहद' संस्थेनं काश्मिरी मुलांना आणून शिकवलं. पहलगामनंतर त्यांच्याकडे बघायच्या लोकांच्या नजरेचं काय?

हे मी काकूंना त्या दिवशी नाही, पंधरा दिवसांनी विचारलं. लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "पोरांना काय बोलायचं? पोरं ती पोरं." आणि मग थोड्या वेळानं, "ती संतूरवाली सीडी आहे का गं तुझ्याकडे अजून?"