‘आई, काही मदत करू का?’ हे विचारणं बंद करा

यूट्यूबवर ‘नोकरी करणाऱ्या बायकांसाठी किचन टिप्स’ असं टाकून बघा. आलं-लसूण पेस्ट आठवड्याची एकदम करून ठेवा, मटार सोलून फ्रीजरमध्ये टाका, कणीक रात्रीच मळा, रविवारी तीन वाटणं तयार ठेवा. टिप्स वाईट नाहीत. पण सगळ्या एकाच व्यक्तीला उद्देशून आहेत. घरात जेवणारी माणसं चार आणि वेळ वाचवायचं टेन्शन मात्र एकटीला. शिवाय रविवारी वाटणं करायची म्हणजे सोमवारचा वाचलेला वेळ आला कुठून? तिच्याच सुट्टीतून ना?

म्हणून आज मीही टिप्स देणार आहे, पण आईला नाही. तुम्हाला.

आधी थोडे आकडे बघू. लोक दिवसाचे चोवीस तास कसे घालवतात, याची केंद्र सरकार पाहणी करतं. २०१९च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. २०२४ मध्ये हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांची नऊ! दोघांमधला फरक तेव्हा २०२ मिनिटांचा होता, आता २०१ मिनिटांचा आहे. मधल्या पाच वर्षांत दहा मिनिटांत किराणा घरपोच देणारी अ‍ॅप्स आली, तरी ही दरी जवळपास तेवढीच राहिली.

असं का होतं? रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये ‘मोअर वर्क फॉर मदर’ नावाचं पुस्तक लिहिलं. घरात यंत्रं आणि तयार वस्तू आल्यावर पुरुषांची आणि मुलांची घरकामं आधी गेली, बाईची राहिली, असं त्यांनी अमेरिकेतल्या घरांबद्दल मांडलं. आपल्याकडे यासाठी दळणाचं उदाहरण पुरेसं आहे. दळणाचा डबा घेऊन गिरणीत जाणं हे घरातल्या पोराचं हक्काचं काम असायचं. अनेक घरांत आता पिठाची पिशवी थेट दारात येते. पोराचं काम संपलं. पोळ्या मात्र तशाच लाटाव्या लागतात, आणि त्या कोण लाटतं हे तुम्हाला माहीत आहे.

आता ‘मदत’ या शब्दाकडे वळू. आपण आईला मदत करतो, म्हणजे काय करतो? ती म्हणते, ‘लसूण सोल’, आपण सोलतो. ती म्हणते, ‘मशीन लाव’, आपण लावतो. पण लसूण संपत आलाय, उद्या बाबांना डबा नकोय, सिलिंडर बुक करायचाय, दुधाचं बिल राहिलंय, हे सगळं डोक्यात कोण ठेवतं? संध्याकाळच्या लोकलमध्ये मेथी निवडत बसलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. हात मेथीवर असतात आणि डोकं सकाळच्या डब्यावर. आपण तिचे हात थोडे मोकळे करतो, डोकं नाही. ‘काही मदत करू का?’ असं विचारून तर आपण तिला आणखी एक काम लावतो, आपल्यासाठी काम शोधायचं.

त्यामुळे माझी टीप एकच आहे. एक काम निवडा आणि ते मुळापासून शेवटपर्यंत आपलं करा. कपडे घेतलेत, तर मशीन लावण्यापासून वाळत घालणं, घड्या घालणं आणि ज्याच्या त्याच्या कपाटात ठेवणं, सगळं तुमचं. पावडर संपत आली, हे लक्षात ठेवणंही तुमचंच. डबा घेतलात, तर भाजी ठरवणं, आणणं, चिरणं, करणं आणि नंतर ओटा पुसणंही आलं. आमच्या घरी मंगळवार आणि शुक्रवारचा डबा माझ्याकडे आहे. त्या दोन दिवशी ‘भाजी काय करू?’ हा प्रश्न आईला पडतच नाही. तिची अर्ध्या तासाची झोप वाचते ती वेगळीच.

तुमचे आक्षेप माहीत आहेत. पहिला, सबमिशन्स आणि परीक्षा. मान्य. पण ऑफिसला मार्चएंड असतो तेव्हा आईचा स्वयंपाक थांबत नाही. परीक्षेच्या आठवड्यात काम वाटून घ्या आणि नंतर पुन्हा ताब्यात घ्या. दुसरा, ‘आईला माझ्या हातचं चालत नाही.’ सुरुवातीला नाहीच चालणार. पोळीचा नकाशा होईल, पांढऱ्या शर्टाला रंग लागेल. ऑफिसमधलं कामही तिला पहिल्या दिवशी जमलं नसेलच की. महिनाभर तग धरा.

तिसरी गोष्ट मुलांसाठी. घरात बहीण असेल, तर हा लेख तिच्याकडे फॉरवर्ड करून मोकळे होऊ नका. आईचा भार ताईवर गेला, तर त्याला वाटणी म्हणत नाहीत. आणि मुलींनो, तुम्ही आधीच बरंच करत असाल, तर हे पान भावाच्या आणि बाबांच्या चहाच्या कपाखाली ठेवा.

‘त्यापेक्षा मावशींना अजून एक काम लावू’ हा मार्गही आहे. ज्यांना परवडतो, त्यांनी जरूर घ्यावा, पण त्या जादा कामाचे पैसे नीट द्यावेत. कारण मावशीही नोकरी करणारी आईच आहे. चार घरची भांडी घासून ती पाचव्या घरी, म्हणजे स्वतःच्या घरी, पुन्हा ओट्याशी उभी राहते. तिच्याही घरात तुमच्या वयाचं कुणीतरी असेल.

तर या रविवारी आईला काही विचारू नका. एक काम उचला आणि तिला फक्त सांगा, ‘आजपासून हे माझं.’ ती कदाचित हसेल, म्हणेल, ‘बघू किती दिवस टिकतंय.’ टिकवून दाखवा. आणि वाचलेल्या वेळात ती मालिका बघत बसली किंवा नुसती आडवी झाली, तर ‘आई, तू आता योगा का नाही लावत?’ असलं काही सुचवू नका. वेळ तिचा आहे, काय करायचं ते ती बघेल.