खोक्यावरचा आकडा आणि घरातला वेग

घरात फायबर आले, नवा राऊटर बसला, तरी मुलाचा ऑनलाइन तास मध्येच अडकतो आणि आखातात नोकरी करणाऱ्या अब्बांचा चेहरा व्हिडिओ कॉलवर थिजतो. मग घरात विचार सुरू होतो, मोठा प्लॅन घ्यावा की महागडा राऊटर? पालकसभेतही हा प्रश्न आम्हाला अनेकदा विचारला जातो. पैसे मोजण्याआधी खोक्यावरच्या आकड्याचा अर्थ समजून घेऊ या.

‘एएक्स ३०००’ लिहिलेला राऊटर म्हणजे तीन गिगाबिटचा वेग, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात ती बेरीज आहे. हा राऊटर दोन बँडवर चालतो. २.४ गिगाहर्ट्‌झवर कमाल ५७४ आणि ५ गिगाहर्ट्‌झवर कमाल २४०२ एमबीपीएस. दोन्ही मिळून २९७६, त्याचेच गोळा करून ३०००. आपला मोबाईल मात्र सहसा एका वेळी एकाच बँडवर जोडलेला असतो. त्यातही बरेच मोबाईल १२०१ च्या जोडणीपर्यंतच जातात आणि प्रत्यक्ष डाऊनलोड त्याहूनही कमी होते.

दुसरी मेख मागच्या बाजूला असते. अशा अनेक राऊटरचे इंटरनेट घेणारे पोर्ट एक गिगाबिटचेच असते. त्यातून प्रत्यक्षात सुमारे ९४० एमबीपीएस येतात. मग दोन गिगाबिटचा प्लॅन घेतला तरी उरलेला वेग दाराबाहेरच राहतो. टाकी कितीही मोठी असो, नळ अर्ध्या इंचाचा असेल तर बादली त्याच गतीने भरणार.

आमच्या एका सहकारी बाईंनी ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला होता. वायरने मोजले तर ९४ च्या वर आकडा जाईना. राऊटर जुना, पोर्ट १०० एमबीपीएसचे! वर्षभर जास्तीचे पैसे गेले, ती निव्वळ फजूलखर्ची ठरली. वायरच्या आठ तारांपैकी एखादी तुटली, तरी जोडणी अशीच १०० वर येऊ शकते.

म्हणून आधी मोजा. लॅपटॉप वायरने राऊटरला जोडा, बाकीचे मोबाईल आणि टीव्ही बंद ठेवा आणि स्पीड टेस्ट करा. लॅपटॉपचे पोर्टही गिगाबिटचे असल्याची खात्री करा. एकदा सकाळी आणि एकदा इशानंतर मोजा. घरोघरी वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत एका फायबरचे सुमारे अडीच गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटले जाऊ शकतात, त्यामुळे रात्री गर्दीच्या वेळी फरक पडतो.

वायरवर वेग कमी आला, तर आधी पोर्ट आणि वायर तपासा. ती ठीक असतील तर कंपनीकडे तक्रार करा, आकड्यांचे फोटो ठेवा आणि तक्रार क्रमांक जरूर घ्या. वायरवर वेग पूर्ण आणि आतल्या खोलीत कमी, तर दोष वायफायच्या पोहोचेचा. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान असला तरी भिंतींपुढे लवकर थकतो. राऊटर लोखंडी कपाटामागून काढून घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवा. यासाठी खर्च काहीच नाही.

एक हिशेब मुलांकडूनच करून घ्या. प्लॅनचा वेग मेगाबिटमध्ये असतो, फाईलचा आकार मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएसवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात. इथे कुणी फसवत नसते, फक्त एकक वेगळे असते.

आणि गरज किती? स्पष्ट व्हिडिओ कॉलला साधारण ३ ते ४ एमबीपीएस पुरतात. दोन मुलांचे तास, अब्बांचा कॉल आणि अम्मींचा टीव्ही एकाच वेळी चालले, तरी नीट पोहोचणारे १०० एमबीपीएस बहुतेक घरांना भरपूर होतात. गिगाबिटचे पैसे भरण्याआधी घरातली वायर, पोर्ट आणि राऊटरची जागा एकदा पाहून घ्या.