खांब पुजावा कीं वाचावा?

नेवाशाच्या पैसाच्या खांबाविषयीं दोन मतें आमच्या कानांवर वारंवार येतात, आणि दोन्ही आम्हांस सारखींच अपुरीं वाटतात. पहिलें मत भाविकांचें. ज्या खांबाला पाठ टेकून ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील टीका सांगितली, तो प्रत्यक्ष देवच होय. तेथें मस्तक ठेवावें, हार वाहावा आणि परतावें. अधिक विचारणा करणें म्हणजे अश्रद्धा. दुसरें मत शिकलेल्यांचें. ते म्हणतात, टेकल्याचा पुरावा काय? पुरावा नसेल तर तो पडक्या देवळाचा एक उरलेला दगड. त्याचें एवढें स्तोम कशाला? हें भांडण जुनें आहे. परंतु एका गोष्टींत दोन्ही पक्षांचें संपूर्ण एकमत आहे. खांबावर काय कोरलें आहे, तें वाचण्याची गरज दोघांपैकीं कोणालाच वाटत नाहीं.

खांब मुका नाहीं. त्याच्या अंगावर संस्कृत लेख कोरलेला आहे. करवीरेश्वराला वंदन करून त्याच्या देवळांतील अखंड दिव्याच्या तेलासाठीं केलेल्या दानाची नोंद या लेखांत आहे. म्हणजे हा खांब एका शिवालयाचा. तें शिवालय आज उरलेलें नाहीं, दिवा केव्हांच विझला, दात्याचा वंश कोठें गेला हें कोणी सांगूं शकत नाहीं. राहिला तो एक खांब आणि त्यावरचीं अक्षरें. नेवाशास जाऊन आलेल्या किती सुशिक्षित कुटुंबांना ही गोष्ट ठाऊक असते? आमच्या ओळखीच्या मंडळींत आम्हीं हा प्रश्न विचारून पाहिला. खांबाचीं छायाचित्रें बहुतेकांच्या मोबाइलांत होतीं. लेख आहे हें दोघांतिघांस आठवलें. त्यांत काय आहे हें एकासही सांगतां आलें नाहीं. ‘पैस’ म्हणजे विस्तार, मोकळें प्रशस्त स्थळ. दुर्गा भागवतांनीं आपल्या पुस्तकास हेंच नांव दिलें आणि १९७१ सालीं त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तरीही या खांबाचा संबंध नाण्यांशीं लावणारे पदवीधर आम्हांस भेटले आहेत!

आतां पुराव्याचा प्रश्न. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ग्रंथकारानें स्थळ सांगितलें आहे. गोदावरीचा दक्षिण तीर, पंचक्रोशीचें क्षेत्र, तेथील महालया देवता आणि यादववंशी राजा रामचंद्र, असा तो निर्देश आहे. रचनेचा शक १२१२, म्हणजे इ. स. १२९०, आणि लेखक सच्चिदानंदबाबा, हेंही तेथेंच नोंदलेलें आपण वाचतों. नेवासें प्रवरेकांठीं आहे. प्रवरा पुढें टोक्याजवळ गोदावरीस मिळते. आणि महालया ती नेवाशाची म्हाळसा, असें परंपरा मानते. खांबाचा उल्लेख मात्र ग्रंथांत नाहीं. तो परंपरेनें सांगितला. परंपरेचें हें सांगणें आम्ही टाकून देत नाहीं. एवढ्या विस्तीर्ण रानांतला नेमका एक खांब लोकांनीं शतकानुशतकें जपला, तो निष्कारण जपला असें म्हणणें धाडसाचें होईल. परंतु ज्ञानेश्वर टेकले कीं नाहीं, याचा निकाल लागेपर्यंत कोरलेला लेख वाचूंच नये, हा कोठला न्याय?

आणि खरोखर पाहतां, हा लेख भाविकांच्या विरुद्ध जाणारा नाहीं. ज्ञानेश्वरीचें परंपरेनें चालत आलेलें दुसरें नांव भावार्थदीपिका. अर्थ उजळणारी दिवटी. ज्या खांबावर दिव्याच्या तेलाची व्यवस्था कोरली आहे, त्याच खांबाच्या आश्रयानें ही दीपिका पाजळली, अशी आपली परंपरा आहे. हा योगायोग कोणा कवीनें कल्पिला असता तर आपण त्यास अतिशयोक्ति म्हटलें असतें. येथें तो दगडावर आहे. चमत्काराच्या कथा सांगणाऱ्या आमच्या कीर्तनकार बंधूंनीं भिंत चालविली, रेडा बोलविला. पण डोळ्यांसमोरचें हें तेल आणि ही वात त्यांच्या निरूपणांत आम्हांस क्वचितच भेटते.

केवळ भक्ति अक्षरांचें रक्षण करीत नाहीं, हें पंढरपुरानें आपणांस केव्हांच दाखवून दिलें आहे. विठ्ठलाच्या देवळांतील ‘चौऱ्यायशीचा लेख’ प्रसिद्ध आहे. शके ११९५ ते ११९९ या काळांत देवळास मिळालेल्या देणग्या त्यांत नोंदल्या आहेत. दात्यांत राजा रामचंद्र आहे, हेमाद्रि पंडित आहे. मराठी भाषेच्या आणि वारकरी पंथाच्या इतिहासाचें एवढें मोठें साधन दुसरें दाखवणें कठीण. त्या शिळेचें झालें काय? तिला पाठ घासली म्हणजे चौऱ्यायशीं लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी समजूत पसरली, आणि पिढ्यान् पिढ्या यात्रेकरूंनीं तिच्यावर पाठी घासल्या. दात्यांचीं नांवें अशा रीतीनें पुसट झालीं. ज्यांनीं विठोबाला दान दिलें, त्यांचीं नांवें विठोबाच्याच भक्तांनीं, अत्यंत शुद्ध भावानें, पाठीनें खोडलीं! यांत दुष्टपणा कोणाचाच नाहीं. म्हणूनच ही गोष्ट अधिक भयंकर वाटते. हार, गंध, पाणी, तेल आणि हजारों हातांचा स्पर्श यांपुढें कोणताही कोरीव दगड अमर नाहीं.

भक्तीनें अक्षरें झिजतात. तुच्छतेनें दगडच नाहींसा होतो. याचें उदाहरण युरोपांतील हॉलंड देशांत सांपडतें. तेथील उत्तर व पूर्वेकडील खेड्यांच्या चर्चांत बेन्टहाइमच्या वालुकाश्मांत कोरलेलीं बाप्तिस्म्याचीं दगडी पात्रें आहेत. तीं ज्ञानेश्वरांच्या आगेंमागें एकदोन शतकांचीं. धर्मसुधारणेनंतर नव्या मताच्या लोकांना तीं निरुपयोगी वाटलीं. कित्येक बाहेर फेकलीं गेलीं, कांहींत गुरें पाणी पिऊं लागलीं, कांहींत बागेंतलीं फुलझाडें लागलीं. पुढें त्यांच्या वंशजांनीं तीं गोठ्यांतून शोधून पुन्हां चर्चांत आणलीं. ‘एवढें स्तोम कशाला’ म्हणणाऱ्या आमच्या मित्रांनीं हा गोठ्यापर्यंतचा प्रवास लक्षांत ठेवावा.

कोणी सुचवितात कीं, खांब वस्तुसंग्रहालयांत न्यावा. हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. रानांत उघड्यावर उभ्या असलेल्या या खांबाभोंवतीं विसाव्या शतकांत मंदिर उभें राहिलें. बन्सी महाराज तांबे यांनीं त्यासाठीं जे कष्ट घेतले त्यांबद्दल सर्व मराठी वाचकांनीं कृतज्ञ असावें. खांब जेथें आहे तेथेंच राहावा. पण याच नेवाशांत १९५४ ते १९५६ या काळांत डेक्कन कॉलेजच्या सांकळियांनीं लाडमोड टेकडीवर उत्खनन केलें, तेव्हां मातींतून निघालेल्या खापरांच्या तुकड्यांचें वर्गीकरण झालें, वर्णन झालें, ग्रंथ छापला गेला. ज्याच्यावर एक अक्षरही नाहीं त्या फुटक्या खापराला एवढा मान, आणि अक्षरांनीं भरलेल्या खांबाकडे आपण जातों तों डोळे मिटून.

आमचें मागणें फार मोठें नाहीं. खांबाचा कोरीव भाग सदैव उघडा व कोरडा असावा. हार, गंध वाहावयाचें तें त्या भागास सोडून वाहावें. लेखाचा नीट घेतलेला ठसा काचेखालीं, सर्वांना दिसेल अशा उंचीवर असावा आणि शेजारीं स्वच्छ मराठींत त्याचा अर्थ असावा. ज्ञानेश्वरीचें पारायण ज्या घरांत होतें, त्या घरांतील वडील माणसांनीं नेवाशास नेलेल्या मुलांना नमस्कारानंतर त्या अक्षरांपुढें पांच मिनिटें उभें करावें. खर्च पाहूं गेलें तर एका दिवसाच्या फुलांइतकाही येणार नाहीं. अर्थाच्या पाटीनें भक्तांचा भाव उणावेल, अशी शंका एका विद्वान गृहस्थांनीं आमच्याजवळ काढली. संस्कृत लेख संस्कृतांतच राहूं द्या, सामान्यांना त्याचें काय, असें त्यांचें म्हणणें. संस्कृतांतला अर्थ मराठी माणसाला मराठींत सांगूं नये, असा आक्षेप ज्यास घ्यावयाचा असेल त्यानें तो कोठेंही घ्यावा; निदान नेवाशांत तरी घेऊं नये.