रक्ताच्या आजारातील मुले आणि पित्तनलिकेतील खडे : प्रश्न दयेचा नव्हे, हक्काचा

पित्ताचा खडा हा चाळिशी उलटलेल्या, अंगाने स्थूल माणसाचा आजार, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. सहा-सात वर्षांच्या हाडकुळ्या मुलाच्या पोटात खडे असू शकतात, असे सांगितले तर सुशिक्षितांनाही ते खरे वाटत नाही. परंतु सिकलसेल, थॅलेसेमिया यांसारखे रक्ताचे जन्मजात आजार ज्या घरांत शिरले आहेत, त्या घरांतील आईबापांना हे सत्य केव्हा ना केव्हा रुग्णालयाच्या दारात कळते. हा खडा येतो कोठून, तो शोधण्याची व काढण्याची साधने कोणती, आणि ती साधने पुण्यासारख्या शहरात असूनही गरिबाच्या मुलापर्यंत का पोहोचत नाहीत, याचा विचार येथे करावयाचा आहे. आम्ही व्यवसायाने वकील आहोत, वैद्य नव्हे. परंतु उपचार अस्तित्वात असूनही मूल त्यास मुकते, तेव्हा प्रश्न केवळ वैद्यकाचा राहत नाही. तो कायद्याचा होतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. निरोगी माणसाच्या रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णात ती विळ्यासारखी वाकते आणि दहा ते वीस दिवसांतच फुटते. फुटलेल्या पेशीतून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य निघते. यकृत ते पित्तात टाकते. पण पुरवठा अखंड आणि अवाजवी असल्यामुळे त्याचा साका बसतो व त्यातून काळे खडे बनतात. थॅलेसेमिया आणि इतर रक्तविघटनाच्या आजारांतही हेच घडते. वयाबरोबर हे प्रमाण वाढत जाते, आणि सिकलसेलच्या प्रौढ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांत खडे आढळल्याच्या नोंदी अनेक ठिकाणी आहेत. पित्ताशयात स्वस्थ पडून राहिलेला खडा कित्येकदा काहीच त्रास देत नाही. तो सरकून पित्तनलिकेत अडकला, म्हणजे मात्र प्रसंग निराळा होतो. पित्ताचा मार्ग तुंबतो, त्यात पू होतो, स्वादुपिंडाला सूज येते आणि मूल दगावू शकते.

येथेच पहिली फसगत होते. सिकलसेलच्या मुलाचे डोळे बहुधा नेहमीच थोडे पिवळे असतात. त्यामुळे नलिका तुंबून कावीळ वाढली, तरी घरचे म्हणतात, 'त्याचे असेच असते.' दुसरीकडे, ज्या मुलाच्या रक्ताची तपासणीच झालेली नाही, त्याला साधी कावीळ ठरवून गळ्यात माळ घातली जाते, झाडपाल्याचा रस पाजला जातो आणि पथ्य सांगितले जाते. माळेने खडा हलत नाही, एवढेच येथे सांगितले पाहिजे. लघवी चहासारखी गडद होणे, शौच पांढुरके होणे, अंगाला खाज सुटणे, उजव्या बरगडीखाली कळ येणे आणि थंडी वाजून ताप भरणे ही लक्षणे प्रत्येक आईबापाने पाठ करून ठेवावीत. पोटदुखी, ताप आणि वाढती कावीळ एकत्र आली, तर रात्र उलटण्याची वाट पाहू नये.

आता साधनांकडे वळू. पहिली तपासणी सोनोग्राफीची. तिच्यात किरणोत्सर्ग नाही, खर्च बेताचा, आणि पित्ताशयातील खडा ती उत्तम दाखवते. पण पित्तनलिकेचे खालचे टोक आतड्यातील वायूमुळे झाकले जाते. म्हणून सोनोग्राफीत खडा दिसला नाही, याचा अर्थ नलिकेत खडा नाही असा होत नाही. नलिका फुगलेली असेल किंवा रक्ततपासणीत अडथळ्याची चिन्हे असतील, तर पुढची पायरी एम. आर. सी. पी. या चुंबकीय तपासणीची. तिच्यातही किरणोत्सर्ग नाही. परंतु मूल स्थिर पडून राहावे लागते व लहानग्यांना गुंगीचे औषध द्यावे लागते. उपाशी ठेवलेल्या सिकलसेलच्या मुलाच्या अंगातील पाणी वा प्राणवायू कमी झाला, तर पेशी अधिकच वाकतात. म्हणून सलाईन, प्राणवायू आणि जाणता भूलतज्ज्ञ ही त्या तपासणीची अंगेच समजली पाहिजेत. आणखी एक सावधगिरी. तापासाठी दिले जाणारे सेफ्ट्रिअॅक्सोन हे औषध पित्ताशयात साका धरते आणि सोनोग्राफीत तो खड्यासारखा दिसतो. औषध थांबवल्यावर तो बहुधा विरघळून जातो. असा खोटा खडा पाहून शस्त्रक्रियेची घाई होऊ नये, यासाठी मुलाला दिलेल्या औषधांची चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवणे अगत्याचे आहे.

खडा नलिकेत आहे हे ठरले, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेचे तोंड किंचित कापतात व खडा ओढून काढतात. यास ई. आर. सी. पी. म्हणतात. नलिकेचे तोंड कापण्याची ही पद्धत १९७४ साली जर्मनी व जपान येथे सुरू झाली. तिच्यात स्वादुपिंडाला सूज येण्याचा व रक्तस्रावाचा धोका आहे. म्हणून केवळ पाहण्यासाठी ती करू नये, काढण्यासाठीच करावी. त्यानंतर पित्ताशय दुर्बिणीने काढतात. भारतात अशी पहिली शस्त्रक्रिया १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी केली. सरकारी रुग्णालयात, गरिबांच्या खाटेजवळ आरंभ झालेली ही विद्या आज कोणाच्या मालकीची झाली आहे, हा प्रश्न वाचकांनी स्वतःस विचारावा. सिकलसेलच्या मुलास भूल देण्यापूर्वी रक्त देऊन हिमोग्लोबिन दहाच्या आसपास आणले, तर फुप्फुसाचे जीवघेणे उपद्रव टळतात, हेही आता सिद्ध झाले आहे.

या विषयाचा आमच्या समाजाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध रक्ताचा आहे. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा या आदिवासींत सिकलसेल आढळतो, हे सर्वश्रुत आहे. परंतु विदर्भातील पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजेच आजच्या बौद्ध समाजातही तो मोठ्या प्रमाणात आहे, हे पुण्यात फार थोड्यांस ठाऊक आहे. यात लाजण्यासारखे काहीही नाही. हा दोष एकाच पालकाकडून आलेल्या वाहकास मलेरियापासून संरक्षण देतो. म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत, आफ्रिकेपासून ग्रीसपर्यंत, तो टिकून राहिला. हा जातीचा कलंक नव्हे, मलेरियाचा इतिहास आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय अभियानाचा आरंभ केला. १७ राज्यांतील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. हे स्वागतार्हच होय. तथापि या अभियानाचा भर आदिवासी भागांवर आहे. नागपूर, चंद्रपूर वा भंडाऱ्याहून पोटासाठी पुण्यास आलेल्या बौद्ध कुटुंबाचे मूल या जाळ्यात येणार कसे? धर्मांतरित बौद्धांस अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत स्थान मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. यादीबाहेर राहण्याचे मोल आम्ही जाणतो. यादी आरोग्याची असो वा सवलतींची, तिच्याबाहेर राहिलेला माणूस शासनाच्या डोळ्यांस दिसत नाही.

आता कायदा पाहू. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांचा समावेश केला. त्याच्या कलम २५ नुसार शासनाने दिव्यांगांस, ठरविलेल्या उत्पन्नमर्यादेच्या अधीन राहून, राहत्या परिसरात मोफत आरोग्यसेवा पुरवावयाची आहे आणि तपासणीत व उपचारात त्यांना अग्रक्रम द्यावयाचा आहे. 'अग्रक्रम' हा शब्द विधिमंडळाच्या शोभेसाठी लिहिलेला नाही. तुंबलेल्या नलिकेच्या मुलास तपासणीसाठी आठवड्यांनंतरची तारीख देणे, हा त्या शब्दाचा भंग होय. १९९६ साली पश्चिम बंगालातील एका जखमी शेतमजुराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ चा भंग असून पैशाची चणचण ही सबब राज्यास सांगता येणार नाही. पू झालेली पित्तनलिका ही तातडी नव्हे, असे कोण म्हणेल?

धर्मादाय रुग्णालयांचेही तसेच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे त्यांनी १० टक्के खाटा निर्धनांस मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांस सवलतीत द्यावयाच्या आहेत, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची आहे. करमाफी व जमिनी घेताना धर्मादाय, आणि रुग्ण आला की व्यापारी, असे दोन चेहरे कायद्यास मान्य नाहीत.

कोणी म्हणेल, मूठभर मुलांसाठी एवढी महाग यंत्रे कशाला? त्यास उत्तर असे की, यंत्रे पुण्यात आहेतच. प्रश्न रांगेचा व दराचा आहे. शिवाय महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना ही मुख्यतः रुग्ण दाखल झाल्यावर उपयोगी पडते. खडा शोधण्याचे काम त्याआधीचे आहे. शोधाचा खर्च गरिबावर टाकावयाचा आणि शस्त्रक्रिया मोफत द्यावयाची, म्हणजे विहीर खुली ठेवून दोर विकण्यासारखे आहे. वेळेवर, ठरवून केलेली शस्त्रक्रिया थोडक्यात आटोपते. पू झाल्यावर आणलेल्या मुलास अतिदक्षता विभागात ठेवावे लागते. हिशेबाच्या दृष्टीनेही विलंब महागच पडतो.

सबब आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. वारंवार कावीळ वा रक्तक्षय होणाऱ्या प्रत्येक मुलाची, त्याची जात न विचारता, सिकलसेल व थॅलेसेमियाची तपासणी महापालिकेच्या दवाखान्यांत व्हावी. या आजारांच्या मुलांची चुंबकीय तपासणी ससून रुग्णालयात विनामूल्य, भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली व अग्रक्रमाने व्हावी. बालकांची ई. आर. सी. पी. करणारे एक निश्चित केंद्र प्रत्येक महसुली विभागात असावे आणि दूरच्या मुलास तेथे नेण्याचा खर्च शासनाने द्यावा.

आणि वाचकहो, काही कर्तव्य आपलेही आहे. मूल बरे असताना केलेल्या रक्ततपासणीचे कागद जपून ठेवा. आजारपणात तुलनेला तेच उपयोगी पडतात. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढा. शस्त्रक्रियेच्या संमतीवर सही करण्यापूर्वी धोके व पर्याय विचारा. समजावून न सांगता घेतलेली संमती कायदा संमती मानीत नाही. दाद मिळाली नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे. तेथे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. तोंडी विनवणीस उत्तर देण्याचे बंधन कोणावर नसते; लेखी अर्जाची नोंद राहते. भीक मागणाऱ्यास मिळाले तर मिळते, हक्क मागणाऱ्यास नाकारताना कारण द्यावे लागते. आपल्या मुलांसाठी आपण हे कारण मागितलेच पाहिजे.