फोकस हाही दर्जाच

खिशात मावणारा महागडा कॅमेरा निवडताना एक मत हमखास पुढे येते: चित्राचा दर्जा आधी, ऑटोफोकसचा वेग नंतर. सेन्सर मोठा आणि भिंग चोख असले की फोकस छायाचित्रकाराने सांभाळावा, असे हा पक्ष म्हणतो. त्याला आधार आहे. रिकोह जीआर ३ चा एपीएस-सी सेन्सर सुमारे ३६६ चौरस मिलिमीटरचा, तर सोनी आरएक्स१०० मालिकेतला एक इंची म्हणवला जाणारा सेन्सर अवघा ११६ चा. बंगळुरूतल्या व्हाइटफील्डच्या इनर सर्कलमधली जुनी कौलारू घरे टिपायची तर हा पक्ष बिनतोड आहे. घर जागचे हलत नाही.

पण तिथल्या मराठी कुटुंबांचे कॅमेरे हमखास बाहेर निघतात ते गणपतीत. विसर्जनाला सोसायटीच्या आवारात लेझीम सुरू होते तेव्हा बहुधा दिवस कललेला असतो. सप्टेंबरात बंगळुरूत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश झटकन सरतो. इथे मोठ्या सेन्सरचा तिप्पट लाभ तिप्पट उरत नाही. जीआरचे भिंग एफ/२.८ पर्यंतच उघडते; २०१६ च्या आरएक्स१०० मार्क ५ चे रुंद टोकाला एफ/१.८ पर्यंत. दोन्ही हिशेबात धरले, तर एकूण प्रकाशातली जीआरची आघाडी तीसेक टक्क्यांवर येते.

यावर जीआरचे चाहते स्नॅप फोकस पुढे करतात: अंतर आधीच दोन मीटरवर बांधायचे आणि बटण दाबायचे. एफ/८ वर हे झकास चालते. साधारण एक मीटरपासून वीसएक मीटरपर्यंत सारे स्पष्ट येते. भर दुपारच्या रस्त्यावर याहून चांगली युक्ती नाही. संध्याकाळी मात्र भिंग पूर्ण उघडावे लागते आणि तोच पट्टा दीड ते तीन मीटरांवर आक्रसतो. लेझीम खेळणाऱ्या मुलीचा चेहरा चौकटीत ठसठशीत यावा म्हणून मीटरभरावर गेले, की तो चेहराच पुसट होतो. नुसत्या कॉन्ट्रास्टवर चालणारा ऑटोफोकसही तिथे कामाचा नाही. तो भिंग पुढेमागे सरकवून स्पष्टतेचे शिखर शोधतो. त्यात पाव सेकंद गेला तरी सेकंदाला मीटरभर पुढे येणारी मुलगी पंचवीस सेंटिमीटर जवळ आलेली असते. फेज डिटेक्शनवर चालणाऱ्या ऑटोफोकसला भिंग कुठल्या दिशेला आणि किती सरकवायचे हे एका मापनातच कळते, म्हणून तो अशा वेळी तगतो. चेहरा पुसट आला तर मोठ्या सेन्सरने टिपलेले बारकावे फक्त मागच्या भिंतीचे उरतात. फोकस दर्जाबाहेरची सोय नव्हे, दर्जाचीच पहिली अट आहे.

म्हणून वेगाचा आकडा पाहून खरेदी करावी, हेही खरे नव्हे. २०१९ च्या मार्क ७ साठी सोनीने ०.०२ सेकंदाचा दावा केला, मार्क ५ साठी ०.०५ चा. पण लांब झूमपायी मार्क ७ चे भिंग रुंद टोकालाही एफ/२.८ चेच राहिले. मार्क ५ च्या तुलनेत तिथे प्रकाश निम्म्याहूनही कमी. तो शटर मंदावून भरून काढावा, तर नाचते हात फराटतात.

कसोटी दुकानातल्या झगमगाटात होत नाही. पार्किंगमधल्या ट्यूबलाइटखाली, भिंग पूर्ण उघडून, कुणाला तरी समोरून चालत यायला सांगावे. दहापैकी किती चित्रांत डोळे स्पष्ट आले ते मोठे करून पाहावे. माणसे टिपायची असतील तर आधी ही परीक्षा लावावी, आणि तीत टिकलेल्या कॅमेऱ्यांतूनच मोठा सेन्सर निवडावा.