विंचवाच्या नांगीतली माळ

मुलांनो, भाताचा पेंढा उचलण्याआधी मोठी माणसं त्यावर काठी का आपटतात? आपल्या महाड-पोलादपुरातल्या लाल विंचवासाठी!

त्याच्या विषात प्रथिनांच्या छोट्या माळा असतात. विंचवाच्या पेशीतले रायबोसोम अमिनो आम्लांचे मणी ठरलेल्या क्रमाने ओवतात. ६०-७० मण्यांची ती माळ दुमडते आणि गंधकाचे टाके तिचा आकार घट्ट धरून ठेवतात. हा आकार आपल्या मज्जातंतूंवरच्या सोडियमच्या दारांना बरोब्बर चिकटतो. मग दारं नीट मिटतच नाहीत! हृदयावर भलताच ताण येतो, फुप्फुसांत पाणी भरतं.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध देऊन असे कितीतरी रुग्ण वाचवले. १९८६ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात त्यांनी ते मांडलं. पुढे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की जोडीला प्रतिविष दिलं तर रुग्ण आणखी लवकर बरा होतो. घोड्याच्या रक्तातून मिळणारं हे प्रतिविषसुद्धा प्रथिनच बरं का! ते विषाला धरून ठेवतं. काट्याने काटा काढावा, तसं.

तेव्हा विंचू चावला तर मंत्र-तंत्रात वेळ घालवू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि बूट? झटकूनच घाला हं!