इंदूरचा कचरा आणि संगणकाची टोपली

2017 पासून देशात स्वच्छतेत अव्वल ठरलेल्या इंदुरात ओला-सुका कचरा दारातच वेगळा होतो आणि गाडीत पडला की गेलाच. संगणकाची टोपली वेगळ्या चालीची. ती रिकामी केली, तरी विंडोज फक्त फाइलच्या नोंदीवर काट मारते. साध्या हार्ड डिस्कवर मजकूर तसाच राहतो, त्या जागी नवे काही लिहिले जाईपर्यंत.

डिस्कची ही चिवट स्मरणशक्ती इंदूरला परकी नाही. जुलै 2013 मध्ये मध्य प्रदेशातील प्रवेश आणि नोकरभरतीच्या परीक्षांमधला व्यापमं घोटाळा याच शहराच्या पोलिसांनी उघडकीस आणला आणि पुढे कित्येक वर्षे वाद तपासात जप्त झालेल्या एका हार्ड डिस्कभोवती फिरला. ती गांधीनगरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेली, तिच्यातल्या एक्सेल फाइलमध्ये फेरफार झाल्याचे आरोप झाले. 2017 मध्ये सीबीआयने छेडछाड झाली नसल्याचे सांगितले.

घरच्या फाइलींना बहुतेकदा प्रयोगशाळा लागत नाही, संयम लागतो.

लग्नाचे फोटो उडाले की माणूस घाबरून त्याच डिस्कवर रिकव्हरीचे सॉफ्टवेअर उतरवतो आणि उरलेसुरले स्वतःच पुसतो. आधी काम थांबवावे, डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडावी, मग फोटोरेक किंवा रेकुवा चालवावे. दोन्ही फुकट मिळतात.

एसएसडी या वेगवान प्रकारच्या डिस्कमध्ये मात्र आशा थोडीच. तिथली ‘ट्रिम’ सोय पुसलेली जागा लवकरच खरोखर मोकळी करते. विक्रेत्यांनी वेगाबरोबर हेही सांगायला हवे. ग्राहकानेही लॅपटॉपसोबत एक बाहेरची डिस्क घ्यावी आणि पहिली प्रत आजच काढावी.